माहेरच्या टीव्हीला बाहेरचा मेंदू

खामगाव,
गुरुवार, दुपार

रा. रा. इंद्रभानभाऊ यांच्या सेवेशी खामगावहून शेषरावाचा कृतानेक नमस्कार. सरस्वतीवहिनींना वेगळा नमस्कार (एकाच नमस्कारात दोघांना उरकलेलं त्यांना चालत नाही, हे मागच्या पत्रानंतर कळलं). तुमची कंबर आता कशी आहे? तेल कोमट करूनच लावा, आणि लावल्यावर लगेच बांधावर फिरू नका. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. सोजराच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा दिवाळीनंतर. गुडघा मात्र आपल्या मर्जीने चालतो. फोन असताना पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. भाऊ, तुमचा आवाज फोनमधून निघाला की आमच्या स्वयंपाकघरात जसाच्या तसा ऐकू येतो, आणि या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी स्वयंपाकघरात पोचायला नकोत. गल्लीतले धम्मरत्न सर रोज मलकापूरला शाळेवर जातात, उद्या ते तुमच्या हातात पत्र देतील.

आता मुद्दा. भाऊ, काल आपली संजीवनी टीव्हीवर दिसली. तुम्ही दिलेल्या टीव्हीवर दिसली, आणि सोजराने ती डोळे भरून पाहिली. एवढं सांगण्यासाठी माझा हात सकाळपासून शिवशिवतो आहे. तुम्हाला माहीतच आहे, पोरगी कॉलेजच्या खो-खोच्या संघात गेली तेव्हापासून सोजराने तिचा एकही सामना पाहिला नव्हता. चारचौघांसमोर मातीत लोळणं हा पोरीच्या जातीला शोभणारा खेळ नाही, असं तिचं म्हणणं, आणि दोन वर्षं ती त्यावर ठाम होती. पंधरा दिवसांपूर्वी संजीवनीचा फोन आला, की नाशिकच्या स्पर्धेतला त्यांचा सामना बुधवारी पाच वाजता इंटरनेटवर थेट दाखवणार आहेत. मी हो-हो म्हणून फोन ठेवला, तर स्वयंपाकघरातून सोजरा म्हणाली, "मले पाहाचं हाय." तीनच शब्दांचं काम, पण मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. फोनवर पाहावं तर डोळ्याच्या डॉक्टरांनी मनाई केलेली. नाशिकला न्यावं तर गुडघा. म्हणजे उरला तुमचा टीव्ही, आणि नेमका तोच आजारी पडलेला.

आजार असा, की दसऱ्यापासून रिमोट दाबून अंगठा दुखायचा, पण टीव्ही ढिम्म हलायचा नाही. दहादा दाबलं की एकदा पुढे सरकायचा, आणि सरकला की दोन घरं पुढे. वर व्हिडिओचं ते अ‍ॅप अधूनमधून 'अपडेट करा' म्हणून पाटी दाखवायचं. मी अब्दुल गनींकडे गेलो. (आमच्या शेजारचे. सरकीच्या गोदामामागे त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकान मुलाकडे आहे आणि गनीभाई ओट्यावर बसून न पाहता निदान करतात.) त्यांनी लक्षणं ऐकली, सुपारी कातरली आणि म्हणाले, "शेषरावभाऊ, टीव्हीचा पडदा जवान हाय, पन त्याच्या आतला मेंदू म्हातारा झाला. कंपनी त्याले नवं काई शिकवत नाही आता. बाहेरून एक मेंदू लावून टाका, छोटासा येतो, डबीएवढा, मागं खुपसाचा, किस्सा खतम."

तुम्हाला ठाऊक आहे, मी तीस वर्षं बाजार समितीत मापारी होतो. तोलल्याशिवाय मी मिठाची चिमूटही टाकत नाही. म्हणून दोन दिवस मी हा प्रश्न तोलला. आतल्या सॉफ्टवेअरचा गुण असा, की एकच रिमोट, मागे वायर लोंबत नाही, आणि जे आहे ते टीव्हीबरोबरच आलेलं. दोष असा, की टीव्ही पंधरा वर्षं टिकतो आणि हा मेंदू पाचव्या वर्षीच दमतो, त्याची जागा भरते, आणि मग पडदा धडधाकट असूनही सगळा टीव्ही बाद. बाहेरच्या डबीचा गुण असा, की ती चपळ, जुनी झाली तर ती तेवढी बदलावी, टीव्ही तोच राहतो. दोष असा, की रिमोट दोन होतात, प्लग एक जास्त लागतो, आणि आमच्या घरात एक रिमोट सापडत नाही तिथे दोन कुठून सापडायचे. पारडं बाहेरच्या बाजूने झुकलं. मी जेवताना तसं बोललो, आणि तिथेच चुकलं.

कारण मी एक वजन धरलंच नव्हतं. हा टीव्ही म्हणजे तुम्ही घरभरणीला दिलेला आहेर. सहा वर्षं झाली तरी त्याच्या कडेची प्लास्टिकची पट्टी सोजराने काढू दिलेली नाही. ती ताटावरून उठली आणि म्हणाली, "माह्या भावानं पारखून देल्लेला टीवी हाय. त्याले बाहेरचं ठिगळ लावाचं असंल, तं आंधी मले मलकापूरच्या गाडीत बसवून द्या." तिला तो सामना पाहायचा होता, जीव तोडून पाहायचा होता, पण भावाच्या आहेराला कमीपणा आणून नव्हे. आता सांगा, हा पेच कोणता कंपनीवाला सोडवील?

मग मी आतल्याच मेंदूला तरुण करायचं ठरवलं. संजीवनीला फोनवर विचारून टीव्ही मुळापासून पुसला, म्हणजे नव्यासारखा होईल. तो झालाही नव्यासारखा, आणि नव्या टीव्हीप्रमाणे त्याने पहिलाच प्रश्न विचारला, भाषा कोणती? मराठी खाली होती. रिमोट दाबत राहिलो, निळी पट्टी बांगलावर जाऊन बसली आणि हलेना. शेवटी रागाने मधलं बटण दाबलं, तेवढं मात्र त्याने पहिल्या झटक्यात ऐकलं. पाच दिवस आमचा टीव्ही बंगाली होता, भाऊ. सोजरा त्याच्याकडे पाहायची, मग माझ्याकडे पाहायची, आणि वरणात मीठ घालायचं विसरायची (खरंच विसरायची का, याचा मला संशय आहे).

सोमवार उजाडला. सामन्याला दोन दिवस राहिले. मी गुपचूप बाजारात गेलो, बाहेरचा मेंदू घेतला, मेथीच्या जुडीखाली ठेवून घरी आणला, आणि दारातच सोजराला म्हणालो, "इंद्रभानभाऊनं पाठवलं. भाऊबीजेची ओवाळणी आगाऊ." भाऊ, कसं सांगू. तिचा चेहरा असा उजळला, की मला स्वतःलाच क्षणभर वाटलं, तुम्हीच पाठवलं असेल. तिने निरांजन लावलं, डबीला ओवाळलं, अक्षता टाकल्या. भावाच्या टीव्हीला भावाचाच मेंदू, मग ठिगळ कसलं? त्याच मिनिटाला ती तुम्हाला फोन लावणार होती. तुम्ही सोयाबीनच्या काढणीत असाल, शेतात रेंज नसेल, असं मी सांगितलं, तेव्हा ती रविवारच्या नेहमीच्या फोनवर थांबली.

बुधवारी चार वाजता गनीभाई डबी बसवायला आले. टीव्ही शोकेसमधून अलगद पुढे ओढला, आणि त्यांनी हात टेकला तो खालच्या पट्टीला. बोट लाल झालं. त्या पट्टीच्या मधोमध टीव्हीचा एक बारीक डोळा असतो, रिमोटचा इशारा तो ओळखतो. त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा हा एवढा ठिपका, वाळून घट्ट झालेला. गनीभाईंनी तो उपरण्याने पुसला, जुना रिमोट दाबला, आणि तुमचा टीव्ही भाऊ, पोळ्याच्या बैलासारखा पळायला लागला. दोन मिनिटांत बांगलाचा मराठीत आला, अ‍ॅपने पोटभर अपडेट खाल्लं, सगळं सुरळीत. गनीभाई खाली बसून पोट धरून हसले. (सणासुदीचं कुठून तरी उडालं असेल, असं मी म्हणालो.) म्हणजे आजार नव्हताच, आणि औषध मात्र विकत घेऊन झालं होतं.

पाच वाजले. आता दोन्ही तयार, आणि दोन्ही माहेरचे. सोजराने निवाडा दिला, की थोरल्याचा मान आधी. म्हणून पहिला डाव टीव्हीच्या आतल्या मेंदूवर पाहिला. छान दिसला. दुसऱ्या डावात संजीवनी पाठलागाला उठली, आणि उठल्याबरोबर पडद्यावर ते गोल फिरणारं चाक आलं. मी आयुष्यात इतक्या चपळाईने काही केलं नसेल. दुसरा रिमोट उचलला, डबीवर उडी मारली, आणि पोरगी खांबाजवळ सूर मारून गडी बाद करताना सापडली. अंगभर माती. सोजराने पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "लागलं असंल तिले." पोरगी उठली. सोजराही उठली, त्याच गुडघ्यावर, आणि पुढचा सगळा डाव तिने उभ्याने पाहिला. मी टीव्हीकडे थोडं आणि तिच्याकडे जास्त पाहत होतो. मी रडलो भाऊ, सांगायला लाज कसली. संघ एका गुणाने हरला. सोजराने ते मनावर घेतलं नाही. तिने गल्लीत पेढे वाटले. हरल्याचे पेढे वाटणारं खामगावातलं पहिलं घर आमचंच असावं.

तेव्हा तुम्ही नवा टीव्ही घ्याल (घ्याच), तर पडदा चांगला पाहून घ्या, आतल्या मेंदूची फार स्तुती ऐकू नका, आणि बाहेरचा एक जवळ ठेवा. माझ्या काट्यावर तरी हेच उतरलं. लेकरांना आशीर्वाद, वहिनींना पुन्हा एकदा वेगळा नमस्कार.

आपला,
शेषराव

ता. क. : मूळ काम हेच आहे. रविवारी सोजराचा फोन येईल. ती डबी तुम्हीच पाठवली, एवढं फक्त हो म्हणा, आणि जास्त बोलू नका. भाऊबीजेला यंदा रिकाम्या हाताने आलात तरी चालेल, तुमची ओवाळणी पोचली आहे.

दुसरा ता. क. : तो कुंकवाचा ठिपका माझाच. तीस वर्षं खंडेनवमीला काट्याला मधोमध बोट लावत आलो, वाऱ्याने उडू नये म्हणून तेलात कालवून. निवृत्तीनंतर काटा दुसऱ्याच्या हाती गेला. यंदा घरात पुजायला यंत्र शोधलं, तर तुमचा टीव्ही दिसला. कृपा करून हे सोजराला कळू देऊ नका.

दादा, मी सोजरा. हे गेले पाकीट आनाले, कागद टेबलावरच ठेवून. म्या वाचला. डबीवर खामगावच्या दुकानाचा शिक्का होता, तो ओवाळतानाच दिसला. माहा एक डोळा नवा हाय. कुंकू तं मीच कालवून देल्लं होतं त्याईले. पन मानूस पोरीसाठी आन् माह्यासाठी खोटं बोलून राह्यला, मंग बोलू देल्लं. रविवारी मी तुह्यं कवतिक करीन, तू हाव म्हनजो, त्याईचं मन मोडू नोको. ओवाळनी मातर माही बाकीच हाय. पुढच्या महिन्यात पोरीचा सामना तुह्याच गावच्या मैदानावर हाय. मले न्याले गाडी पाठवजो, आन् दोरीपाशी एक खुर्ची ठेवजो. टीवीत पोरीची उंची समजत नाही.