दार लावून

आई, गेल्या आठवड्यात तुझ्या पद्धतीने बाथरूम घासायला बसले आणि बघता बघता मला श्वास घेता येईना. हे घाईघाईतलं अक्षर बघून तू नाक मुरडलं असतंस. बाबा आता माझ्याकडेच असतात, विश्रांतवाडीला. मध्यंतरी ते बाथरूममध्ये घसरले, म्हणून गुळगुळीत फरशी काढून खडबडीत बसवून घेतली. फटींत ग्राउटचं पांढरं सिमेंट भरणाऱ्याने वर सांडलेलं ओलं असताना पुसलंच नाही. ते वाळून फरशीच्या प्रत्येक खळग्यात पांढरं घट्ट बसलं. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, दोन धुण्यांत निघेल." निघून गेला तो एकटाच, पांढरं तिथेच राहिलं. फडकं झालं, ब्रश झाला, तारेची घासणी झाली, खळग्यांतलं काही हलेना. तेव्हा तू आठवलीस.

सदाशिव पेठेतला आपला तिसरा मजला. रविवारची सकाळ, सगळ्यांच्या अंघोळी उरकलेल्या, बाहेरच्या खोलीत बाबांची गणिताची शिकवणी चाललेली. तू पदर खोचून आत जातेस, फरशीवर ॲसिड ओततेस, वर ब्लीचिंग पावडर भुरभुरतेस. बाहेरून बाबा म्हणतात, "अगं, दार लावून घे, मुलं बसलीयत." तू दार लावून घेतेस. मग खराट्याचा आवाज आणि खोकला. बाहेर येतेस तेव्हा डोळे लाल. मी विचारते, काय झालं? "काही नाही गं, धूळ गेली." पाण्याने निथळणाऱ्या बाथरूममध्ये धूळ कुठून येणार, हे गणित शिकवणाऱ्याच्या घरात कुणाला सुचलं नाही. आमच्या बाथरूममध्ये बशीशिवाय पोहे खाता येतील, असं तू पाहुण्यांना ऐकवायचीस.

गेल्या आठवड्यात मी तेच केलं. वास बाबांना नको म्हणून दारही लावलं. घशात कुणी तिखट कोंबावं तसं झालं, डोळ्यांपुढे अंधारलं, कडी सापडेना. तेवढ्यात दारावर थापा पडायला लागल्या. कशीबशी कडी निघाली आणि मी बाहेर कोसळले. बाबा काठी न घेताच धावत आले होते, भिंतीला धरून उभे, चेहरा पांढराफटक. म्हणाले, "खोकला ऐकला. मला वाटलं, ती आत आहे."

डॉक्टरबाईंनी विचारलं, काय काय मिसळलं होतंत. मी सांगितलं. "अहो, हे दोन एकत्र करतात का कधी? विषारी वायू होतो त्याचा. तोही दार लावून?" मी म्हटलं, माझी आई दर रविवारी असंच करायची. त्या लिहिता लिहिता थांबल्या. आई कशाने गेल्या, असं त्यांनी हळूच विचारलं. छातीने, मी म्हटलं, शेवटी शेवटी जिना चढवत नव्हता, तेव्हाचे डॉक्टर दमा आहे म्हणायचे. "इतक्या वर्षांनी खात्रीने नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या, "पण दर आठवड्याला हे आत जात असेल तर..." आणि त्या पुन्हा लिहू लागल्या. आई, दमा म्हणून आम्ही तुझ्या उशा बदलल्या, देवापुढची उदबत्ती बंद केली, दही तोडलं. बाथरूमकडे कुणी बघितलंच नाही. आणि तू उशा बदलल्यावरही रविवारी आत जात राहिलीस. मला तुझा राग येतोय. दार सताड उघडून शिकवणीच्या पोरांना खोकू द्यायचं होतंस. कोण मेलं असतं?

आता मी दार-खिडकी उघडी टाकून नुसत्या पाण्याने आणि ब्रशने रोज थोडं घासते. थोडं निघतं, बरंचसं राहतं, राहू दे. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि मी बाहेर येईपर्यंत हलत नाहीत. काल त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या?" मी ब्रश धूत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "दार लाव असं मीच म्हणायचो गं तिला."

हे पत्र त्यांच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार आहे. त्यांना मी सांगितलं, काही नाही बाबा, धूळ गेली.