सिमेंटचा उरलेला गोळा

सोमवार, ४

आज चुकले! 

टेलरकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. धातूचा नवा सांधा हाडावर सिमेंटने बसवतात. ते मी कालवते — आधी मळलेल्या पिठासारखं, दहा-बारा मिनिटांत दगड. आत किती घट्ट झालंय ते दिसत नाही, म्हणून उरलेला गोळा माझ्याजवळ. तो ट्रेवर आपटायचा, टणकन वाजला की म्हणायचं, "झालं". मगच सर्जन सर पायावरचा दाब सोडतात. चौदा वर्षं हेच करतेय.

आज गोळा नुसता मुठीत आवळून उभी होते. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला गेलंय, तिथे फक्त खिळा. वेळेचा अंदाजच येईना. सर दोनदा खेकसले, "सिस्टर, झालं का?" बोटांना कडक लागला. न आपटताच म्हटलं, "झालं."

सरांनी हात काढले. मग मी गोळा आपटला. थप्प! वरून कडक, आत मऊ. कुणाला काही बोलले नाही.

मंगळवार, ५

काकू वॉकर धरून चार पावलं चालल्या. मला बघून हसल्या. "पायाचं शिलाई मशीन आहे हो माझं. दोन महिन्यांत बसेन ना त्याच्यासमोर?" मी "हो" म्हटलं. माझी जीभ तरी कशी उचलली!

बुधवार, ६

काही झालं नसेल. असेल? नसेल.

भाजीत मीठ दोनदा घातलं. नवरा गुपचूप जेवला, मग म्हणाला, "आज दवाखान्यात काही झालं का?" झालं का, झालं का! अंगावर ओरडले त्याच्या. बिचारा ताट घेऊन उठला.

गुरुवार, ७

धाकट्या भावाला फोन केला. तो ओतकाम कारखान्यात आहे, असल्याच सांध्यांचे धातूचे भाग ओततात तिथे. सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, "साचा लवकर उघडला तर काय होतं रे?"

"बाहेरून छान दिसतं. आतलं थिजलेलं नसतं, आकार बिघडतो."

"मग काय करता?"

"परत वितळवतो. आमचं बरं आहे ताई, आमचा माल ओरडत नाही." आणि खो खो हसला. मला हसू येईना. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्याने रडले.

शनिवार, ९

काकू म्हणाल्या, "सिस्टर, पाऊल टाकलं की आत काहीतरी हलतं." फार बेताने म्हणाल्या, जणू त्यांचाच गुन्हा. एक्स-रे सोमवारी.

आता पोटात ठेवणं शक्य नव्हतं. सरांच्या खोलीत गेले, दार लावलं, सगळं सांगून टाकलं. गोळा, मूठ, थप्प — सगळं. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुमच्या गोळ्यावर कोण विसंबतं? मी घड्याळाकडे बघून हात काढतो. पूर्ण वेळ दिला होता. जा, कामाला लागा."

चौदा वर्षं मी उगाच गोळे आपटत होते म्हणायचं! अपमान झाला. पण इतका गोड अपमान आयुष्यात झाला नव्हता. जिने उतरताना दोन पायऱ्या गाळल्या.

रविवार, १०

छान झोप लागली. नवऱ्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मीठ बेताचं घाल, मग बघू."

सोमवार, ११

एक्स-रे आला. खालचा भाग कललाय. गुडघा पुन्हा उघडावा लागणार.

सर स्वतः काकूंच्या खाटेशी गेले. मी तिथेच होते. म्हणाले, "मी हात लवकर काढले. चूक माझी." काकूंनी त्यांचाच हात थोपटला. मला काही कळेना — पूर्ण वेळ दिला होता ना यांनी, घड्याळ बघून?

घरी येऊन ही वही मागे उलटली. सोमवार, ४. माझ्याच अक्षरात — घड्याळ दुरुस्तीला, भिंतीवर फक्त खिळा. ऑपरेशनला मनगटी घड्याळ कुणी घालत नाही; सरांनी माझी चूक स्वतःवर घेतली.

उद्या काकूंना मी सांगणार. सर नाही, मी.