मिश्रणाचं बटण

प्रिय दिपा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळं धड आहे. तुझी आई ठणठणीत आहे आणि मी नेहमीसारखा कुरकुरतो आहे. दुकानातच बसून लिहितोय. समोर पशुखाद्याची पोती, मागे मिक्सरची घरघर. कॉम्प्युटर चालू आहे, पण मला जे सांगायचं आहे ते टाइप करवत नाही, आणि फोनवर बोलायला गेलो की माझ्या तोंडून त्या कॉम्प्युटरच्या सॉल्व्हरशिवाय दुसरं काही बाहेर पडत नाही. पत्ता तूच मागे कुरिअरसाठी दिला होतास, तो जपून ठेवला होता.

तू बीडहून कॉलेज संपवून आष्टीला परत आलीस तो उन्हाळा मला फार आठवतो. तोवर मी मिश्रण हाताच्या अंदाजानं करायचो. मका महागला की कोंडा वाढव, सरकी पेंड मिळाली नाही की सोयाबीन पेंड ढकल. गिऱ्हाईक ओरडलं की पुढच्या वेळी उलटं. तू म्हणालीस, आप्पा, हे एक्सेलमध्ये बसवू. प्रत्येक मालाचा भाव, त्यातली प्रथिनं, शिल्लक पोती, सगळं तू भरलंस. म्हशीला लागतं ते सगळं मिळालं पाहिजे आणि तरी स्वस्तात बसलं पाहिजे, असं मिश्रण एक्सेलमधला सॉल्व्हर शोधून देतो म्हणालीस. त्याच्या खिडक्या उघडताना माझी बोटं अडखळायला लागली, तेव्हा तू सगळ्या पायऱ्या आपोआप करणारा मॅक्रो लिहिलास आणि पडद्यावर एक हिरवं बटण आणून ठेवलंस. पहिल्यांदा मीच दाबलं ते. उत्तर काय आलं आठवतं? नुसतं मीठ. सगळ्यात स्वस्त तेच, आणि प्रथिनांची अट मॅक्रोत घालायची तू विसरली होतीस. तुझी आई चहा घेऊन आली होती, तिनं पडद्याकडे बघून विचारलं, "म्हशींचं लोणचं घालायचं हाय का?" तू हसून हसून पोत्यावर बसलीस. त्या पोत्याकडे बघितलं की अजून मला तू दिसतेस.

पुढचं तुला माहीतच आहे. नांदूरघाटचा अंगद, तो आपल्यातला नाही, आणि तुमचं लग्न. आम्ही आलो नाही. तू कोल्हापूरला गेलीस आणि घर मुकं झालं. तुझी आई दोन माणसांचा स्वयंपाक करायला शिकली नाही, रोज भाकरी उरायची आणि रोज ती माझ्यावर चिडायची. मी दुकानात बसून हिरवं बटण दाबायचो. तेवढं एक तुझं चालू होतं.

मग जुना कॉम्प्युटर जळाला. नव्यावर बटण दाबलं तर मिश्रणाऐवजी इंग्रजीत काहीतरी आलं. तुला फोन लावायला मला सकाळपासून दुपार झाली. तू उचललास, मला पुढे सुचेना, आणि मी पडद्यावरची अक्षरं वाचायला लागलो, सब ऑर फंक्शन नॉट डिफाइन्ड. तू ती मला पुन्हा वाचायला लावलीस. मग म्हणालीस, "आप्पा, टूल्समध्ये जा. रेफरन्सेस उघडा. सॉल्व्हरपुढची टिक गेली असंल, ती परत करा." लग्नानंतर तुझ्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. टिक केली, बटण चाललं, आणि मला बटण चालल्याचं वाईट वाटलं.

पण देवाची कृपा, पुढच्या आठवड्यात ते पुन्हा अडकलं. आधी मी नुसते भाव बदलायचो, आता बाजाराच्या आदल्या दिवशी शिल्लक आणि अटीही नव्या भरायचो, बटण दाबायचो, आणि सॉल्व्हर म्हणायचा, उत्तर सापडत नाही. तू समजावून सांगितलंस की मागच्या वेळच्या अटी त्याच्या पोटात तशाच राहतात आणि नव्या वर चढतात. गेल्या आठवड्यात कोंडा निदान बारा पोती वापर म्हटलेलं, या आठवड्यात कोंडाच पाच पोती, तो बिचारा दोन्ही ऐकतो आणि हात वर करतो. म्हणून आधी सॉल्व्हर उघडायचा, रीसेट ऑल दाबून जुन्या अटी पुसायच्या, मग बटण. हे तू मला दर आठवड्याला सांगायचीस आणि मी दर आठवड्याला नव्यानं ऐकायचो. पुढे पुढे तर माझ्या आधी तुझाच फोन यायचा, अडकलं का म्हणून.

तुझी आई तुझ्याशी बोलत नाही, असं तिचं म्हणणं आहे. पण तुझा फोन यायच्या वेळी ती बरोबर दुकानात ज्वारी निवडायला येऊन बसायची. घरात एवढी जागा असताना. फोन स्पीकरवर टाका म्हणून खुणा करायची. मग हळूच मला सांगायची, इचार, दमट हवेनं कॉम्प्युटर बिघडतो का, तिकडं हवा कशी हाय. इचार, डोळ्याला त्रास होत असंल तर चष्मा लावला का. मी विचारायचो, तू उत्तर द्यायचीस, आणि तिच्या हातातलं सूप थांबायचं. आम्हा तिघांचा संसार त्या एका बिघाडावर चालला होता म्हण ना.

गेल्या आठवड्यात तुझ्या कॉम्प्युटर क्लासच्या सुरैया मॅडम दुकानात आल्या. त्यांच्या सासूबाई हल्ली शेळ्या पाळतात, त्यांच्यासाठी भरडा न्यायला. मी आपला रीसेट करत बसलो होतो. त्यांनी बघितलं, विचारलं, आणि खुर्ची ओढून तुझा मॅक्रो उघडला. क्लासमध्ये तुला हे सगळं त्यांनीच शिकवलेलं, त्यांना वाचायला काय वेळ लागतो. वाचून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काका, सगळ्यात वर सॉल्व्हर रीसेट अशी एक ओळ टाकली की हे कायमचं मिटतं. दिपालीला हे येत न्हाई असं होणारच न्हाई. मी शिकवलंय तिला."

भरडा घेऊन त्या गेल्या आणि मी तसाच बसून राहिलो. एक ओळ, दिपा. पहिल्याच फोनवर तू ती सांगू शकली असतीस. आता मला सगळं दुसरंच दिसायला लागलं. मी घाईनं जमलं म्हणालो की तू म्हणायचीस, पुन्हा एकदा करून बघा. सगळं चाललं तरी तू फोन ठेवायची नाहीस, सरकीचा भाव विचारायचीस. कोल्हापुरात बसून तुला आष्टीच्या सरकीचं काय पडलं होतं? मला वाटायचं बिघाडाच्या निमित्तानं मीच तुझा आवाज ऐकून घेतोय. तू माझा ऐकत होतीस, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्यांदा फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, तसंच राहू द्यावं, मला काही कळलं नाही असं दाखवावं आणि जन्मभर रीसेट दाबत बसावं. पण मग दोन दिवस जेवण गोड लागेना. माझ्या लेकीला बापाचा आवाज ऐकायला बिघाड जपून ठेवावा लागतो, हे मला सहन होईना. काल मी मॅक्रो उघडला आणि ती ओळ स्वतः टाकली. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमली. भाव, शिल्लक, अटी बदलून बदलून बटण दाबलं, दर वेळी उत्तर आलं. तुझी आई ज्वारी घेऊन बसलेली होती. तिला सांगितलं, आता हे कधी अडकायचं नाही. मला वाटलं शाबासकी देईल. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग आता ती फोन कावून करंल?"

त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. तुझी फार आठवण येते, दिपा. तिलाही येते, ती सांगणार नाही. या बाजाराच्या आदल्या दिवशी फोन कर. इथे काहीही बिघडलेलं नाही, तरी कर. मी उचलणार नाही, वाजता फोन तुझ्या आईच्या हातात देणार आहे. ती काही बोलली नाही तर ठेवू नकोस, थांब थोडी. आणि दिवाळीला घरी या. अंगदला आण, असं मी म्हणत नाही, तुम्ही दोघं या असं म्हणतोय.

तुझाच,
आप्पा