पट्टी कोण बदलतं?

लच्छोच्या बापूंना,
कांगड्याहून, वैदांच्या पडवीतून.

तुम्ही पाठवलेली नथ पोचली. सासूबाईंनी घरी तळलेले गोड बबरूही आणले होते. म्हणाल्या, "पोरगा पस्तावलाय गं. संशयाचं भूत उतरलं त्याच्या डोक्यावरून. बैसाखीला न्यायला येतोय." सुरा हातात असतानाही तुम्ही गोडच बोलत होतात.

तुम्ही कापलेल्या नाकाच्या जागी आता नवं नाक आहे. वैदांनी माझ्याच कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली. अजून नाकावर माशी बसली की कपाळ हुळहुळतं.

शेजारच्या खाटेवर भागो आहे. तिचंही नाक वैदांनीच केलं होतं. नवरा तिला नथ घालून घरी घेऊन गेला आणि दिवाळीच्या आत त्याने ते पुन्हा कापलं. तिच्या कपाळावरचा व्रण चाचपून वैद म्हणाले, "बेटी, दुसऱ्या नाकापुरती कातडी आता इथे उरली नाही."

तरी लच्छोसाठी मी यायला तयार झाले होते. बोचकंसुद्धा बांधलं होतं. तेवढ्यात सासूबाई परत निघताना उंबऱ्यात थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पट्टी कोण बदलतं गं तुझी? म्हातारे वैद, की त्यांचा मुलगा? माझ्या पोरानेच विचारायला सांगितलंय."

नथ त्यांच्याच हाती परत दिली. लच्छोला आणायला माझा भाऊ गेलाय.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. मला लिहिता येत नाही, आणि ते कोणी लिहून दिलं हेच तुम्ही आधी विचाराल.

लच्छोची आई