निळ्या कॅटबद्दल

मंगळवार, नऊ तारीख

प्रिय भिंगऱ्या,

इथे आम्ही दोघं बरे आहोत, तूही असशील असं धरून चालते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर अप्पा शेजारच्याच खुर्चीत असतात, आणि तुझा आवाज ऐकला की मी ठरवलेलं सोडून भलतंच बोलत बसते. शिवाय पत्रात तुला मध्येच "बरं बरं ताई, कळलं" म्हणता येत नाही.

आधी तू विचारलेलं. पत्त्यांचा सीलबंद कॅट सुखरूप आहे. पारदर्शक डबीत, उभा, कपाटाच्या मधल्या कप्प्यात. बाहेरच्या भिंतीकडचा कप्पा मी टाळला, त्या भिंतीला दुपारभर ऊन लागतं. डबीत तू घातलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांपैकी एकच ठेवली, बाकीच्या काढल्या. त्या जास्त झाल्या की कागद नको इतका वाळतो आणि पत्ते पन्हळीसारखे वाकतात. छापखान्यात अख्खे गठ्ठे असे वाकलेले मी पाहिलेत. कॅट छापणारी कंपनीच बंद पडलीय, त्यामुळे हा गेला तर दुसरा मिळायचा नाही, हे तू मला इतक्या वेळा सांगितलंयस की आता स्वप्नातही मी तो कडेनंच धरते.

तू लिहिलं होतंस, "कपाटाला कुलूप लाव, अप्पांच्या हाती लागू देऊ नकोस." कुलूप लागलं. लावलं अप्पांनी. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः घेऊन आले, लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "ही कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस."

छापखान्यात नवा मॅनेजर आलाय. तो कागदाला "माल" म्हणतो. परवा नवे गठ्ठे आले तसे लगेच मशीनवर चढवायला निघाला. मी म्हटलं, "साहेब, दोन दिवस खोलीत नुसते राहू द्या, इथल्या हवेशी जुळू द्या." तर म्हणाला, "मॅडम, कागद आहे की जावई?" सगळे हसले, मीही हसले. हे तुला का सांगतेय? कारण पुढचं लिहायला हात सरसावत नाहीये.

अप्पांबद्दल लिहायचं आहे.

तू गेल्यापासून ते कशालाही हात लावण्याआधी विचारतात. पेपर उचलण्याआधी बेसिनवर जातात, हात धुतात, टॉवेलनं एकेक बोट पुसतात आणि मला दोन्ही तळवे दाखवतात. "हात धुतलेत, बघ. घेऊ का?" पेपर, भिंगऱ्या. रोजचा, रद्दीत जाणारा पेपर. पाण्याचा ग्लास मला भरून द्यायला सांगतात. जेवून झालं की हात मांडीवर एकावर एक ठेवून बसतात, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि ते नुसते सांभाळतायत. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांची घड्याळं खोलली, तांदळाच्या कणीएवढे स्क्रू चिमट्यानं लावले आणि अभिमानानं सांगितलं की माझ्या हातून कुणाची वस्तू बिघडली नाही, तो माणूस.

परवा म्हणाले, "शनिवारी तो येतोय ना सही करायला? बरं झालं. मला पाठवाच तिकडे. मी कशालाही हात लावतो आणि माझ्या लक्षातही राहत नाही."

वृद्धाश्रम हा शब्द तुला सोसत नाही म्हणून आपण "तिकडे" म्हणतो. आता तेही "तिकडे" म्हणायला लागलेत.

आता तो दिवस. तू दुसरा कॅट, निळा, उघडलेला, तुझ्या हाताला सरावलेला, तुझ्या पत्त्यांच्या करामतींच्या रेकॉर्डिंगसाठी न्यायला आला होतास. जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत बसून डबी उघडलीस आणि पत्त्यांचा पंखा केलास. पत्ते एकेक करून सुटेनात. झुपक्यानं आले, चार इथे, सहा तिथे, मध्ये खिंडारं. तू परत केलास. तेच. मग तू कॅट नाकाशी नेलास आणि तुझा चेहरा बदलला. पावडरचा वास. घरात आंघोळीनंतर मानेला पावडर लावणारं माणूस एकच.

"अप्पा, तुम्ही याला हात लावला होता का?"

अप्पांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मी? ... लावला असेल रे."

मग तू माझ्याकडे वळलास. "ताई, तू कागदातली. काय झालंय याला?"

मी पत्ता घेतला, कडेनं धरला, उजेडात तिरका केला. म्हटलं, "ओल्या हातांनी हाताळलाय. कडा फुगल्यात. मग चिकटपणा जावा म्हणून वर पावडर चोळलीय, ती आणखीच धरून बसलीय."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तुला सांगते, त्या रात्रीपासून मी हेच वाक्य मनात घोळवतेय, कुठे खोटं सापडतं का म्हणून. सापडत नाही. तेच मला सगळ्यात जास्त खातंय.

ते ओले हात माझे होते.

तुला माझा रुमाल माहीत आहे. त्यावरून तू चिडवायचास, "ताईला बोलता येत नाही, रुमाल बोलतो." तुला वाटतं ती सवय आहे. माझ्या तळव्यांना कायम घाम येतो. उन्हाळा-हिवाळा, भीती-आनंद, काही संबंध नाही. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर हाताखाली टीपकागद ठेवायचे. शाळेत हात धरून खेळायचा खेळ असला की मला तहान लागायची. छापखान्यात मी सुती हातमोजे घालून कागद तपासते आणि सगळे म्हणतात, बाई फार काटेकोर. मीही ते चालू दिलं. काटेकोर म्हटलेलं बरं वाटतं.

तू येण्याआधी, नवं मशीन बसवायचं म्हणून छापखाना चार दिवस बंद होता. पहिल्या दुपारी मी तुझा तो व्हिडिओ परत बघितला, एका हातात कॅट धरून अंगठ्यानं वरचा भाग सोडायचा, बोटानं खालचा भाग उचलून त्याच्यावर आणायचा, तो. तुझे हात किती सहज चालतात रे. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा माझ्या हातांनी असं काहीतरी करावं की ते बघण्यासारखे वाटतील.

तुझा निळा कॅट काढला आणि तुझे सगळे नियम पाळले. हात धुतले, पुसले, पंख्याखाली धरले. पत्ते पडले तर जमिनीचा मार बसू नये म्हणून पलंगावर चादर दुमडून घातली. पानं चेपू नयेत म्हणून कोपऱ्यांवरच बोटं. आधी हातमोजे घालून बघितले, पत्ते जागचे हलेनात. काढले. तिथेच थांबायला हवं होतं, मला कळत होतं. कागदाला ओल काय करते हे मला कुणी सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी जमलं. खालचा भाग वळून वर आला आणि एकही पत्ता सुटला नाही. इस्पिकची राणी तळाला होती, ती वर आली आणि मी वेड्यासारखी ओरडले, "अप्पा, बघा!"

आणि अप्पा आले, भिंगऱ्या. खांद्यावर टॉवेल होता. मी परत करून दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "झालं! आता घरात दोन-दोन भिंगऱ्या. मला बसायला कोपरा तरी ठेवा."

चौथ्या दिवशी पत्ते एकमेकांना धरायला लागले. मग मी घाबरून जे कुठलाही शिकाऊ करेल ते केलं. अप्पांचा पावडरचा डबा समोर होता. दर पत्त्याला चोळली, पुसली, कॅट शब्दकोशाखाली दाबून ठेवला, तुझ्या डबीत परत घातला आणि स्वतःला सांगितलं की दोन दिवसांत हवेशी जुळेल.

आता ते लिहिते ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं. तू अप्पांना विचारलंस तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. मला खात्री होती की आता ते म्हणतील, "अरे, ताईनं तर करून दाखवलं मला." मी लाजायची तयारीही केली होती. त्यांनी हातांकडे बघितलं आणि म्हणाले, लावला असेल. आणि मला हायसं वाटलं. माझ्या बापाला माझा आनंद आठवला नाही, आणि मला हायसं वाटलं.

पुढचं स्वयंपाकघरातलं तुला आठवत असेल. मी भांडी घासत होते. तू म्हणालास, "मला वाटायचं तू वैतागून वाढवून सांगतेस. आता पटलं. कर फोन तिकडे." किती महिने मी तुला नळ उघडा राहतो, गॅस राहिला होता, शेजारच्या काकांचं नाव आठवेना, हे सांगत होते आणि तू उडवून लावत होतास. ते काम त्या पंख्यानं एका मिनिटात केलं. मी हात पुसले आणि फोन केला.

मी थकलेय, हे खरं आहे. कामावरून तासातासाला घरी फोन करायचा, जिन्यात पाय ठेवला की आधी गॅसचा वास घ्यायचा. ते विसरतात हेही खरं आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि विसरले, याहून मोठा पुरावा कुठला? पण त्या कॅटला त्यांनी बोटही लावलेलं नाही. ज्यावरून तू मानलंस आणि ज्यावरून त्यांनी स्वतःचे हात मांडीवर ठेवून दिले, ते त्यांनी केलेलंच नाही.

काल चहाच्या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान कप आपटतील. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुरे, पोरी. लहानपणी त्यानं बरणी फोडली तेव्हाही तू मीच फोडली म्हणून उभी राहिली होतीस. तुझी खोड जायची नाही."

ती बरणी मला आठवत नाही. त्यांना आठवते.

मी म्हटलं, "अप्पा, हे बघा," आणि तळवा पुढे केला. चमकत होता. त्यांनी बघितला, उठून बेसिनवर गेले, हात धुऊन आले, मग टॉवेलनं माझा तळवा पुसला. बोटांच्या मधूनसुद्धा. म्हणाले, "घाबरलीयेस. घाम आलाय. मी जातो म्हणालोय ना, मग एवढं काय?"

म्हणून तुला लिहिलं. मी सकाळी तिकडे फोन करून सांगितलं की आमच्यासाठी जागा अडवून ठेवू नका. ते म्हणाले, मग दुसऱ्यांना देऊ, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. म्हटलं, द्या. पुढे कधी त्यांना तिथे ठेवायची वेळ आली तर नळ आणि गॅस ही कारणं पुरेशी आहेत, ती आपण त्यांच्यासमोर बोलू. मला तेव्हाही त्यांना पाठवावंसं वाटेल कदाचित. आत्ता मात्र माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा नाही.

तू शनिवारी ये. फॉर्म नको, तो बिघडलेला कॅट आण. त्यांच्यासमोर पंखा कर आणि तेव्हा त्यांना विचारलास तोच प्रश्न मला विचार. मी उत्तर देईन. मग रागाव. समजूतदारपणा करू नकोस, "जाऊ दे ताई" म्हणू नकोस, तुला येतो तसा पूर्ण राग येऊ दे. मी कबूल केलं की त्यांना त्यात माझी माया दिसते. तू माझ्यावर ओरडलास तरच त्यांना ते खरं वाटेल.

तुझा कॅट मी भरून देऊ शकत नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्याबद्दल तू जे म्हणशील ते ऐकेन. क्षमा या पत्रात मागत नाही. ती आधी ज्यांच्याकडे मागायची त्यांच्याकडे मागून झाली, आणि ते ती देत नाहीत. त्यांच्या मते मी काही केलेलंच नाही.

ते अजूनही जिचा शब्द स्वतःच्या आठवणीपेक्षा मोठा मानतात ती,
तुझी ताई