चार बोटं लाकूड

दि. ४ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. 'सगळं ठीक आहे' एवढंच लिहिलंस. अगं, गणितात नापास होऊन घरी आलीस तेव्हाही तू 'सगळं ठीक आहे' असंच म्हणाली होतीस. दाजी दवाखान्यातून घरी आले इतकंच कळलं. उठतात का, बोलतात का, जेवण जातं का, कशाचाच पत्ता नाही. फोन केला की तू हो, बरं, ठेवते, असं म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. आता सगळं नीट लिही.

इकडे तुझ्या भावजयीने मला शेवटची तंबी दिली आहे. ऑफिस कायमचं सुटल्यापासून मागच्या गॅलरीत माझं सुतारकाम चालतं हे तुला माहीत आहेच. चार स्टुलं झाली, पुस्तकांची मांडणी झाली, एक पाट झाला. पण वस्तू एक होते आणि तुकडे ढीगभर उरतात. ते टाकायचे कसे? वीतभर सागवान म्हणजे काय कचरा असतो? कधीतरी लागेल म्हणून आधी पलंगाखाली ठेवले, मग माळ्यावर, मग जुन्या सुटकेसमध्ये. परवा तिने पिठाचा मोठा डबा उघडला तर आत सगळ्या माझ्या पाचरी. या घरात एक तर हे तुकडे राहतील नाहीतर मी, असं ती म्हणाली. मी उत्तर द्यायला जरा वेळ लावला, ते फार महागात पडलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला तिने भट्टीसाठी सांगून ठेवलं आहे. महिनाअखेर तो हातगाडी घेऊन येणार.

दाजींना हे वाचून दाखव. मला भुसासम्राट हे नाव त्यांनीच दिलं. याच्या स्टुलाला पाय चार, पण टेकतात तीनच, असं तुझ्या घरी सगळ्यांसमोर म्हणाले होते. तेव्हा मला राग आला होता. आता त्यांनी पुन्हा एकदा म्हणावं असं फार वाटतं.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझा
धाकटा


दि. ११ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

फोन त्यांच्या उशाशी आहे रे, आणि कान अगदी शाबूत आहेत. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय सांगू? तुझं पत्र आलं ते बरं झालं. आज मनातलं सगळं लिहिते.

अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात आणि उजवा पाय कमजोर पडलाय. अगदी लुळा नाही. डॉक्टर म्हणतात जोर परत येईल, पण त्यांनी उठून उभं राहायला हवं. व्यायाम शिकवायला एक बाई येतात, त्याही हेच बजावतात. हे मात्र उठत नाहीत. बोलता येतं, जीभ जड झालीय इतकंच, तरी सगळा कारभार मानेवर. तोंडात टाचण्या धरूनही ज्याची बडबड थांबत नसे, तो माणूस आता हो किंवा नाही एवढंच सांगतो, तेही मानेने.

सगळं बिघडलं ते खुर्चीपायी. आमची वेताची खुर्ची किती ठेंगणी आहे ते तू पाहिलंयस. त्या दिवशी बाईंनी आणि मी बगलेत हात घालून त्यांना उठवायला घेतलं. दोनदा अर्धे वर आले आणि दोनदा धपकन खाली बसले. नेमके शेजारचे केमिस्ट भेटायला म्हणून दारात उभे होते. तेव्हापासून यांनी खुर्चीचं नाव टाकलं. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडतात आणि कोणी आलं की डोळे मिटून घेतात. म्हणून तूही इतक्यात येऊ नकोस, वाईट वाटून घेऊ नकोस. मला धास्ती वाटते धाकट्या. आत्ता उठले नाहीत तर मग कायमचे असेच राहतील. शिवणकामाचं दुकान तर पुढच्याच खोलीत, मध्ये फक्त एक उंबरा. पण ते दार मी लावून ठेवलंय. मशीन दिसलं की त्यांचे डोळे भरून येतात.

तुझ्या तुकड्यांचं वाचलं आणि डोक्यात आलं. खुर्चीच्या चारी पायांखाली ठोकळे दिले तर? नवी उंच खुर्ची आणली तर ती आजाऱ्याची खुर्ची होईल आणि ते तिच्याकडे बघणारही नाहीत. ही निदान त्यांची स्वतःची आहे. दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा हळूच माप घेतलं. आडवी चार बोटं उंची पुरे. पायांचा गोल कागदावर पेन्सिलने काढून सोबत ठेवलाय. बेकरीवाल्याला थांबव.

भावजयीला सांग, तिची बाजू बरोबर आहे, पण या खेपेला मला तुझी गरज आहे. दोघांवर माझा जीव आहे हे वेगळं लिहायला नको.

तुझी
ताई


दि. १६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि सरळ गॅलरीत गेलो. लाकडाचा तुकडाही विकत आणलेला नाही. खाली सागवान, त्यावर पॅकिंगच्या खोक्याचं पांढरं लाकूड, वर पुन्हा सागवान, असे थर गोंद लावून आवळून ठेवले. कापलेल्या केकसारखे दिसतात. वर पायापुरती गोल खाच केली आहे, म्हणजे खुर्ची सरकणार नाही. खाचेच्या तळाखाली चार बोटं पुरी भरतात. तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर लावलंय. चारही ठोकळ्यांना बोटं लावून पाहिली, केसाचाही फरक नाही. आईने आपल्याला भाताचं पाणी बोटाच्या पेरांनी मोजायला शिकवलं, ते असं कामी आलं.

या वेळी चारही पाय टेकतील. हे दाजींना सांगू नकोस. किंवा सांगच.

पार्सल मिळाल्याचं कळव. माझं सगळं लक्ष तिकडे आहे. माया आहे ती असू दे.

तुझा
धाकटा

ता. क. ती. वन्संना नमस्कार. खाली उरलेल्या जागेत मी लिहितेय. बेकरीवाल्याला अजून नक्की नाही असं कळवलंय. मी माझा हट्ट सोडलेला नाही, पिठाचा डबा मला परत हवाच आहे. पण दाजी उठून उभे राहिले तर साखरेचाही डबा रिकामा करून देईन.


दि. २४ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

अरे, काय घोळ घातलास! म्हणजे घातला मीच, पण तुझ्या नावावर टाकते.

पार्सल आलं. हे झोपलेत असं पाहून मी ठोकळे लावले. आधी स्वतः बसून पाहिलं तर माझे पाय लोंबकळले. खुर्ची बगळ्यासारखी उंच दिसायला लागली. मला काही कळेना. ठोकळ्याला बोटं लावली तर माझी चार बोटं संपली तरी अंगठाभर लाकूड वर उरलेलं. मग डोक्यात प्रकाश पडला. मी माझ्या बोटांनी मोजलं आणि तू तुझ्या. तुझी बोटं म्हणजे केळी आहेत हे मी विसरलेच होते! मी त्या खुर्चीत बसूनच हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. इतक्या आशेने मागवलेलं, तेही चुकलं.

तेवढ्यात लक्ष गेलं, हे डोळे उघडून माझ्याकडे बघत होते. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. मग सगळं सांगावंच लागलं, चोरून माप घेतल्यापासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, जड जिभेने पण अगदी स्पष्ट, की शिंप्याच्या घरात राहून बोटांनी माप घेतलंस? दवाखान्यातून आल्यापासूनचं ते पहिलं अख्खं वाक्य, आणि तेही मला रागावणारं. इतकं गोड बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग टेप मागितली. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या डाव्या हातात. आधी खुर्ची मोजली, मग स्वतःची तंगडी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. मग मला विचारतात की बसणार कोण आहे, तू का मी? मी बुटकी, ते उंच. मी खुर्ची माझ्या पायांनी जोखत होते. संध्याकाळी बाई आल्या तेव्हा यांना बसवलं तर टाचा जमिनीला नीट टेकल्या. एक हात बाईंच्या खांद्यावर, आणि पहिल्याच झटक्यात उभे! बाई म्हणाल्या, अशा पेशंटला एवढीच उंची हवी, तुमच्या मापाने केली असती तर पुन्हा धपकन बसले असते. खाली बसले तेही आपले आपण, सावकाश.

दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता उठले. भिंत धरून दुकानाच्या दारापर्यंत गेले, मला दार उघडायला लावलं. पण उंबऱ्यावर पाय उचलला जाईना. बराच वेळ उंबऱ्याकडे बघत उभे राहिले आणि परतले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा भिंत. तर पुन्हा टेप मागितली. उंबरा उंच पावणेतीन इंच, रुंद पाच, दाराची रुंदी एकतीस. दोन्ही बाजूंनी उतार हवा. भुसासम्राटाला म्हणावं इंचात कर, असा निरोप आहे.

भावजयीला सांग, साखरेचा डबा तयार ठेव. तुझ्या केळीसारख्या बोटांना माझे आशीर्वाद.

तुझी
ताई


दि. ३१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भुसासम्राट हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला. मग पत्र तुझ्या भावजयीकडे दिलं. ती वाचून आत गेली, डोळे पुसून आली आणि माझ्या हातातून टेप काढून घेतली. आता मोजते ती आणि कापतो मी. मला बोटं खिशात ठेवायची आज्ञा आहे.

उतार दोन्ही बाजूंचे केलेत, अरुंद पट्ट्या जोडून. एकही पट्टी अख्खी नाही, सगळे उरलेले तुकडेच. वरचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलाय, पाय घसरू नये म्हणून. आज बेकरीवाला हातगाडी घेऊन आला. तुझ्या भावजयीने त्याला फक्त भुसा दिला आणि वर ऐकवलं की चांगलं लाकूड कोणी जाळतं का! मी जोरात मान डोलावली. मलाही घर चालवायचं आहे.

पण खरं सांगायचं तर जागेचा प्रश्न आहे तिथेच आहे. पिठाच्या डब्यात अजून पाचरीच आहेत आणि पीठ पिशवीत. दाजी उतारावरून गेले की त्याच दिवशी लिही. इथे दोघांचं चित्त थाऱ्यावर नाही. लोभ राहू दे.

तुझा
धाकटा


दि. २६ ऑगस्ट

चि. भुसासम्राट यांस,
अ. आ.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण वाचता येईल. तुझी ताई लिहून देते म्हणाली. तिच्या हातात माप दिलं की काय होतं ते आपण पाहिलंच आहे.

उतार बरोबर बसले. डावीकडे जरासा खडखडतो, पण तुझ्या हातचं आहे म्हटल्यावर एवढं चालायचंच. रोज दुकानात जातो. पहिल्या दिवशी नुसता मशीनपाशी बसलो. दुसऱ्या दिवशी मशीनचा पायटा हलवला. डावा पाय चालतो आणि उजव्याला ओढून नेतो. गिऱ्हाइकाचं कापड अजून घेत नाही. दुसऱ्याचं कापड वाया घालवायची हिंमत नाही. म्हणून टेबलाखाली हात घातला. तिथे माझी पोती आहेत, कापून उरलेल्या कापडाची. कधीतरी लागेल म्हणून वर्षानुवर्षं ठेवलेली. तुला इतकी नावं ठेवली, पण आपण दोघे एकाच माळेचे मणी निघालो. हे ताईला सांगायची गरज नाही, तिने ते केव्हाच ऐकवलं आहे.

सोबत पिशव्या पाठवतोय. पँटचं जाड कापड आहे, तळ दुहेरी, वर टांगायला बंद. गॅलरीच्या भिंतीला खिळे ठोकून टांग. एकीत पाचरी, एकीत पट्ट्या, एकीत ठोकळे, असं लाव. मापं तुझ्या मंडळींनी कळवली, इंचात. शहाणी आहे. तिला पिठाचा डबा आजच्या आज घासून परत दे.

पहिल्या पिशवीची शिवण वाकडी गेली आहे. दुसरीची त्याहून कमी. शेवटची कुठल्याही गिऱ्हाइकाला दाखवावी अशी आहे, म्हणून उद्यापासून दुकान सुरू झाल्याची पाटी लावतोय. ताई म्हणत होती की ती पहिली पाठवू नका, बरी दिसत नाही. पण उरलेलं काही टाकायचं नाही हे मी तुझ्याकडूनच शिकलो. ती पहिली टांग.

आता ये. भिंतीकडे तोंड करणार नाही. खुर्ची तुला बसायला देईन, ठोकळे मात्र परत मागू नकोस.

लोभ आहेच. मोजायचा झाला तर माझी टेप बाजूला ठेव आणि तुझ्याच बोटांनी मोज, जास्त भरेल.

तुझा
दाजी