बत्तीस मात्रा एकट्याने

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, दुपारी (झोपमोड करून लिहितो आहे, यावरून निकड ओळखावी)

ती. रामदासराव यांना सीतारामचा कोपरापासून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघे माझे आणि जिना बिल्डरचा, त्यामुळे तक्रार नक्की कोणाकडे करायची एवढाच प्रश्न आहे. तुमचा डावा हात कसा आहे? तो रबरी चेंडू रोज दाबता ना? (आपली भगिनी, म्हणजे माझी पत्नी जया, म्हणते की तुम्ही तो शेजारच्या मुलांना देऊन टाकलात.) फोन तुम्ही उचलत नाही, मेसेजला निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही, म्हणून पोस्टाचं पाकीट शोधत तीन दुकानं हिंडलो. तिसऱ्या दुकानदाराने ते खालच्या कप्प्यातून काढून दिलं आणि "अजून लिहिता?" असं विचारलं. या पेठेत माझी इतक्या आपुलकीने चौकशी होऊन बरीच वर्षं झाली होती.

पत्राचं कारण शेफाली. आठवत नसेल तर डोक्याचाही व्यायाम सुरू करा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले उत्तरेश्वर आपल्या ज्या लेकीला स्कूटरवर मागे बसवून यमुनाबाईंच्या क्लासला आणायचे आणि क्लास संपेपर्यंत जिन्यात पेपर वाचत बसायचे, तीच. बाईंकडे तुम्ही तबल्याला, मी पेटीला. अकरा वर्षं ही मुलगी आपल्या दोघांच्या मध्ये बसून खयाल शिकली, मग कॉलेजात कुठल्याशा अमेरिकन जॅझ गायिकेचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि बिघडली (हा शब्द त्या वेळी तुमचा होता, माझा नव्हे). तिने ते मोबाइलवर बाईंना ऐकवलं, तेव्हा आपण दोघं भिंतीला टेकून आता काय होतंय याची वाट बघत होतो. बाईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "हिला घाई नाही. जा, शीक." तोवरच्या तीस वर्षांत आपल्याला त्यांनी एवढी दाद कधी दिली नव्हती.

त्यानंतर ती दोन वर्षं गोव्यात जुन्या वादकांकडे शिकली, मग हॉटेलांत जेवणाऱ्यांसमोर गायली (लोकांचं लक्ष सिझलरकडे, आणि आवाजही सिझलरचाच मोठा), आणि आता तिचा स्वतःचा बँड आहे. अभिनव ड्रम वाजवतो, पोटापाण्यासाठी आयटीत असतो. निकिता नावाची विश्रांतवाडीची मुलगी कपाटाएवढं व्हायोलिन उभं धरून बोटांनी छेडते. ते रिक्षात मावत नाही, म्हणून टेम्पोतून येतं, आणि ही स्कूटीवरून त्याच्या मागे, टेम्पोवाल्याला खड्डे दाखवत. पियानोवाल्या सलिलला कंपनीने जर्मनीला पाठवलं. तेव्हा दोन महिन्यांपूर्वी शेफाली आमच्या दारात उभी. म्हणाली, "काका, आता पियानो नकोच. मला पेटी हवी आहे, आणि तुमचीच." जयाने माझ्या आधी हो म्हटलं.

जॅझ फार अवघड नाही. सगळे मिळून चीज मांडतात, मग गाणारी बाजूला होते आणि एकेका साथीदाराला मोकळं सोडते. वाजव म्हणावं, तुला काय वाजवायचं ते. हे मला तालमीत सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल, पण आपल्या कानांना हे ऐकू येणार आहे का? एक्केचाळीस वर्षं मी काय केलं, तर बाई श्वास घ्यायला थांबल्या की त्यांचीच ओळ हळूच पुन्हा वाजवली, पदरचं काही घुसडलं नाही. कोथरूडच्या छोट्या सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. शेफाली छान रंगात आली होती. दुसऱ्या गाण्यात ती एकदम थांबली, बाजूला झाली आणि माझ्याकडे हात केला. मी तिची शेवटची ओळ दोनदा हळू वाजवली, एक सूर धरून ठेवला आणि तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. बाई हात करायच्या तेव्हा पाणीच तर हवं असायचं. पोरगी गुणी, चारशे लोकांसमोर मुकाट्याने पाणी प्यायली. माझ्या वाट्याच्या बत्तीस मात्रा तेवढ्यात संपल्या. कार्यक्रमानंतर एका दाढीवाल्या रसिकाने माझा हात हातात घेऊन माझ्या संयमाचं कौतुक केलं.

शेफाली रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "काका, पुढच्या वेळी पाणी नको. ती जागा तुमची आहे." रामदासराव, मला आजवर साथीला बोलावलं, मानधन दिलं, शाल दिली, पण जागा कोणी दिली नव्हती. घरी येऊन पेटी पुसत बसलो. जया म्हणाली, "अहो, पुसून वाजणार नाही ती."

आता पुढच्या कार्यक्रमाची माझी तयारी चोख आहे. बत्तीस मात्रा म्हणजे काय मोठंसं. काळजी नसावी. प्रकृतीला जपा, औषधं वेळेवर घ्या.

आपला,
सीताराम

ता. क. जयाने हे पत्र वाचलं आणि "खोटं बोलायचं तर निदान पोस्टाने पाठवू नका" म्हणाली. म्हणून खरं लिहितो. तालमीत मी बऱ्यापैकी सुरुवात करतो. बारा-तेरा मात्रा छान जातात. मग माझी मान आपोआप उजवीकडे वळते. तिथे तुम्ही नसता, अभिनव असतो. मुलगा चांगला आहे, पण तो प्रत्येक मात्रेला मान डोलावतो, त्यामुळे सम कुठली आली तेच कळत नाही, आणि माझा हात थांबतो. असं चार तालमींत झालं. पोरं हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, तेच जास्त लागतं. शेफालीने ती जागा निकिताला दिली तर तिचं चुकणार नाही. पण मला ती हवी आहे. अडुसष्टाव्या वर्षी हवी आहे याची लाज वाटते, आणि तरी हवी आहे.

ता. क. दुसरा. कार्यक्रम येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी, संध्याकाळी सहाला. साताऱ्याहून सकाळची गाडी धरा, स्वारगेटला मी उभा असेन. चेंडू नवा आणून ठेवला आहे. आता तबला वाजत नाही म्हणून मैफलीत पाऊल टाकणार नाही, असं तुम्ही जयाला सांगितलंत. तबला मागतंय कोण? मी मान वळवली की दिसाल अशी पहिल्या रांगेतली खुर्ची शेफालीने तुमच्या नावाने राखली आहे. हात खुशाल खिशात ठेवा. समेला फक्त मान हलवा, बाकीचं मी बघतो.